पत्रिका जुळत नाही

महागावात कापूस कधी विकावा यावरून बापलेकांचंही जमत नाही, पण इंदुताईंच्या वधू-वर सूचक केंद्राबद्दल सगळ्यांचं एकच मत होतं: बाई स्थळं चांगली जुळवते, फक्त वेळ फार लावते.

वेळ लागायचाच. बापाने बायोडाटा आणून दिला म्हणजे पोरगी लग्नाला तयार झाली, असं इंदुताई मानतच नसत. बायोडाटा लोखंडी कपाटात पडून राही आणि त्या एसटी धरून त्या गावाला जात. ओसरीवर बसून पाणी पीत, पावसापाण्याचं बोलत आणि मग उठून म्हणत, "चाल वो पोरी, तुमची सांदवाडी दाखव जरा." घरामागच्या त्या मोकळ्या जागेत, भांडी घासायच्या दगडापाशी नाहीतर निंबाखाली, दोघीच असल्या की त्या विचारत, "लगन तुले करायचं आहे, का तुह्या बापाले?" एवढं विचारून त्या गप्प होत. पोरगी कितीही वेळ घेवो, त्या चकार शब्द काढत नसत. एरवी बोलायला लागली की कोणाला आवरायची नाही अशी ही बाई, पण तिथे तोंडाला कुलूप लावून उभी राही.

पोरगी 'हाव' म्हणाली की बायोडाटा कपाटाबाहेर येई. एखादं स्थळ नक्की होत आलं की इंदुताई पुन्हा जात आणि पुन्हा विचारत. पोरगी 'नाही' म्हणाली, तर थोड्या दिवसांनी तिच्या बापाला निरोप जाई, "पत्रिका जुळत नाही." आता ग्रहांवर कोण चिडणार? बाप कुरकुर करी आणि दुसऱ्या स्थळाच्या मागे लागे. नकार पोरीचा असे, पण तो इंदुताईंच्या तोंडून आणि शनी-मंगळाच्या नावाने घरात शिरे. ही गोष्ट तालुक्यातल्या बहुतेक पोरींना ठाऊक होती, त्यांच्या आयांना थोडीफार ठाऊक होती आणि एकाही बापाला ठाऊक नव्हती. बाजार समितीत एकमेकांना अक्कल शिकवणारे हे बाप आपल्याच घरामागे काय चालतं याबाबत इतकी वर्षं गाफील राहिले, हे नवलच म्हणायचं.

समीक्षा ही इंदुताईंची सून. तिलाही एकदा असंच विचारलं होतं. तिच्या माहेरच्या सांदवाडीत, पेरूच्या झाडाखाली उभं राहून इंदुताई म्हणाल्या होत्या, "गोपाल माहा पोरगा आहे. म्हणून भेऊ नोको. नाही म्हणशीन तर पत्रिका जुळत नाही म्हणून मीच सांगतो, माह्या घरी बी तेच सांगतो." समीक्षा खूप वेळ पेरूच्या झाडाकडे पाहत राहिली आणि मग 'हाव' म्हणाली. लग्नानंतर गोपालशी कितीही वाजलं तरी ती मनात म्हणे, मी स्वतः हो म्हटलेलं घर आहे हे. त्या एका शब्दावर तिचा संसार उभा होता.

तर अशा या केंद्राची वेबसाइट काढायची, हे गोपालच्या डोक्यात आलं. त्याचं खता-बियाण्याचं दुकान होतं आणि दुकानात येणारा जो तो मोबाइलवर स्थळं पाहताना त्याला दिसे. दोन वाटा होत्या. एक होती तयार सॉफ्टवेअरची. कुठल्याशा मोठ्या शहरातल्या कंपनीने स्थळांची वेबसाइट आधीच बनवून ठेवली होती. भाडं भरायचं, वर आपल्या केंद्राचं नाव टाकायचं, की झालं. उंची, शिक्षण, शेती, रास, सगळे रकाने तयार, आणि गुणमिलनही आपोआप. दुसरी वाट नयनची. नयन महागावचाच पोरगा, पुण्यात नोकरी करून परत आलेला. तो म्हणाला, "मी तुमच्यासाठी नव्यानं बनवतो, तुमच्या कामासारखी."

नयन दोन दिवस केंद्राच्या बाकड्यावर बसून राहिला. इंदुताई काय करतात, कोणाला काय बोलतात, ते पाहत राहिला. शेवटी त्याने हळूच विचारलं, "ताई, पोरीनं नाही म्हटलं, तर ते कुठं लिहून ठेवता तुम्ही?"

"कुठंच नाही लिहत," इंदुताई म्हणाल्या. "लिहलं तं बाप वाचन."

नयनने मान डोलावली. पोरीला विचारल्याशिवाय तिची माहिती कोणालाच दिसणार नाही आणि पत्रिका जुळते की नाही ते फक्त इंदुताईच सांगतील, अशी वेबसाइट बनवावी लागेल, असं तो म्हणाला. होळीपर्यंतचा वेळ मागितला.

"होळीपर्यंत?" गोपालने डोक्याला हात लावला. "आता तुळशीचं लगन लागलं की सीझन सुरू. होळीपर्यंत तं निम्म्या पोरी सासरी गेल्या राहतीन."

इंदुताई समीक्षाकडे वळल्या. "कम्प्युटरवर तुले बसायचं आहे. तूच ठरव. मले त्यातलं कळत नाही. माहं एकच म्हणणं आहे, विचारल्याशिवाय पोरगी बाहेर जाऊ देऊ नोको."

समीक्षाने कंपनीच्या माणसाला फोन लावला. तो मोठा गोडबोल्या होता. मॅडम, मंजूर केल्याशिवाय एकही प्रोफाइल दिसत नाही, मंजूरचं बटण तुमच्याच हातात, असं त्याने सांगितलं. आणि फॉर्ममध्ये 'मुलीची संमती आहे' असा चौकोनच आहे, त्यावर खूण केल्याशिवाय फॉर्म पुढे सरकतच नाही. समीक्षाला हायसं वाटलं. पत्रिकेचे गुण बापाला दिसू नयेत असं करता येईल का, हेही तिने विचारलं. तेवढं होणार नाही, तो म्हणाला, सगळ्यांसाठी एकच सॉफ्टवेअर आहे, मॅडम. समीक्षाने विचार केला आणि तयार वेबसाइट घेतली. घाई गोपालची होती, पण निवड तिची होती.

सुरुवातीला सगळं सुरळीत चाललं. फॉर्म येत, समीक्षा ते छापून देई, इंदुताई गावोगाव जाऊन येत, आणि मग समीक्षा 'मंजूर' दाबे. ऐन हंगामात इंदुताई एसटीतून उतरताना पाय घसरून पडल्या आणि गुडघ्याचं ऑपरेशन करावं लागलं. डॉक्टरांनी घराबाहेर पडायला बंदी केली. खाटेवरून त्या समीक्षाला म्हणाल्या, "आता तू जात जाय." समीक्षा हो म्हणाली. दोन गावांना गेलीही. पण घरात आजारी माणूस, मुलाची शाळा, दुकानाचा डबा, आणि तिकडे फॉर्म तुंबत चाललेले. बाप लोक फोनवर फोन करत, आमच्या पोरीचं कधी दिसन? मग एकदा तिने एका फॉर्मवरचा तो चौकोन पाहिला. 'मुलीची संमती आहे.' खूण होती. तिने 'मंजूर' दाबलं. काही आभाळ कोसळलं नाही. पुढचं दाबणं सोपं गेलं.

इंदुताई विचारत, "गेलती काय वो?" समीक्षा म्हणे, "झालं, आई." हे 'झालं' म्हणताना सुरुवातीला तिची जीभ जड व्हायची. नंतर तीही सवय झाली.

निकिताचा फॉर्म त्यातलाच. पैनगंगेकडच्या गावातले मारोतराव, त्यांची धाकटी. फॉर्मवर मोबाइल नंबर बापाचा होता आणि फोटो कुठल्यातरी लग्नात काढलेला, कोणाच्या तरी खांद्यामागून निकिता दिसत होती. फोटो पाहून समीक्षा जरा थांबली होती. तिने त्या नंबरवर फोनही केला. मारोतराव म्हणाले, "हाव हाव, पोरगी खुश आहे." समीक्षाने 'मंजूर' दाबलं. संध्याकाळपर्यंत वेबसाइटने स्वतःच एक स्थळ शोधून मारोतरावांच्या मोबाइलवर पाठवलं, अठ्ठावीस गुण जुळल्याचा कागद जोडून. पुढचं सगळं दोन्ही घरांनी आपसात उरकलं. पाहणं झालं, साक्षगंध झालं, तारीख निघाली.

इंदुताई काठी टेकत घराच्या पुढच्या खोलीतल्या केंद्रात येऊन बसू लागल्या, त्याच आठवड्यात मारोतराव लग्नाचं कार्ड घेऊन आले. पहिलं कार्ड देवाला आणि दुसरं इंदुताईंना, ही त्या भागातली रीतच होऊन गेली होती. बस्ता घ्यायला महागावला यायचंच होतं, म्हणून सोबत निकिताही होती. मारोतराव अगदी खुशीत होते. नव्या पिशवीत कार्डांचा गठ्ठा होता. त्यातलं एक काढून, त्यावर हळदी-कुंकू लावून त्यांनी ते टेबलावर ठेवलं आणि गोपालशी सोयाबीनच्या भावावर बोलायला बसले.

इंदुताईंनी कार्ड वाचलं. समीक्षाने चहा ठेवायला म्हणून पाठ फिरवली. आपलं नाव आता हाक मारल्यासारखं ऐकू येणार, असं तिला वाटत होतं, पण इंदुताईंनी कार्ड नुसतं परत टेबलावर ठेवलं. विचारून झालं असेल, सून जाऊन आली असेल, असंच त्यांनी धरलं असावं. तो विश्वास समीक्षाला शिवीसारखा लागला.

निकिताने पाणी मागितलं नाही, चहाची वाट पाहिली नाही. ती उठली, स्वयंपाकघरातून सरळ मागच्या दाराने बाहेर गेली आणि इंदुताईंच्या सांदवाडीत, कपडे धुवायच्या दगडापाशी जाऊन उभी राहिली. हात पुढे बांधून, खाली पाहत. समीक्षाने दारातून ते पाहिलं. असं उभं राहणं तिला माहीत होतं. ती स्वतः एकदा अशीच उभी राहिली होती.

इंदुताईंनाही ते कळलं. काठी टेकत त्या मागे गेल्या. "काय झालं वो पोरी?"

"तुम्ही आल्याच नाही," निकिता म्हणाली.

"कुठं?"

"आमच्या घरी. मी वाट पाहून राह्यलती." तिचा आवाज चढला नाही. "बाबानं फॉर्म भरला, तव्हा वाटलं, आता इंदुताई येतीन आन् विचारतीन. मंग पाहुणे आले. वाटलं, त्याइच्यासोबत येतीन. साक्षगंधाच्या दिवशी बी मी दोनदा सांदवाडीत जाऊन पाह्यलं. माह्या मोठ्या बहिणीले विचारलं होतं तुम्ही. मले काहून नाही विचारलं?"

इंदुताईंनी दाराकडे पाहिलं. समीक्षा तिथेच उभी होती. तिने मान खाली घातली. सासूला जे कळायचं ते कळलं. इंदुताईंचा चेहरा इतका ऑपरेशनच्या दिवशीही उतरला नव्हता.

"बाबाले सांगतलं काहून नाही?" इंदुताईंनी विचारलं.

"बाबाले कसं सांगू? यवतमाळले नर्सिंगले माहा नंबर लागला. तेच सांगता नाही आलं. मले वाटलं, तुम्ही सांगसान. पत्रिका जुळत नाही म्हणून."

पोरगी बापाशी भांडली नव्हती, आईजवळ रडली नव्हती, कारण तिला त्याची गरजच वाटली नव्हती. इंदुताई येतील यावर ती निर्धास्त बसली होती. कोणी सरळ मदत नाकारलेली बरी. हिला भरवशावर ठेवून बुडवलं होतं.

इंदुताईंनी काठी दगडाला टेकवली. "मले आता विचारू दे," त्या म्हणाल्या. "उशीर झाला, तरी विचारू दे. लगन तुले करायचं आहे, का तुह्या बापाले?"

आणि त्या गप्प राहिल्या. आत मारोतरावांच्या हसण्याचा आवाज आला. चुलीवरच्या चहाला उकळी येऊन तो उतू गेला, पण समीक्षा जागची हलली नाही.

"मले नाही करायचं," निकिता म्हणाली.

इंदुताई तशाच आत गेल्या. टेबलावरचं कार्ड उचलून त्यांनी मारोतरावांच्या हातात परत दिलं. मारोतराव हसतच होते. त्यांना वाटलं, नावात काही चूक सापडली.

"भाऊ, हे लगन होऊ देऊ नका," इंदुताई म्हणाल्या.

"काहून बापा?"

इंदुताईंच्या ओठांवर ते नेहमीचं वाक्य आलंच असेल. इतक्या वर्षांत किती बापांना त्यांनी ते सांगितलं होतं! पण अठ्ठावीस गुणांचा कागद मारोतरावांच्या मोबाइलमध्ये होता, वर केंद्राचं नाव छापलेला. पत्रिकेची ढाल त्यांच्या घरातूनच मोडली गेली होती. आता सांगायचं तर खरंच सांगावं लागणार होतं, आणि एका बापाला खरं सांगितलं की ते सगळ्या बापांना कळणार होतं.

"पोरगी नाही म्हणते," इंदुताई म्हणाल्या.

मारोतरावांचं हसू तोंडावरच राहिलं. मग ते चिडले. "नाही म्हणते म्हणजे? तुमच्याच फॉर्मवर लिहलं आहे, पोरीची संमती आहे म्हणून. तुमच्याच इथून मंजूर झालं!"

"त्या चौकोनात खूण कोणं केली?"

"म्या केली. त्याच्याबिगर फॉर्म पुढं जात नव्हता!"

"आन् मंजूर म्या केलं, काका," समीक्षा दारातून म्हणाली. तिने पदर घट्ट धरला होता. "निकिताले न विचारता. आईनं मले बजावलं होतं. मी गेली नाही, आन् आईले खोटं सांगतलं."

गोपाल काही बोलायला गेला, पण इंदुताईंनी हात वर केला. मारोतराव एकदा समीक्षाकडे, एकदा इंदुताईंकडे पाहत राहिले. तोवर निकिता आत येऊन भिंतीशी उभी राहिली होती. काहीतरी त्यांच्या ध्यानात येत होतं, हळूहळू, आणि ते येऊ नये असं त्यांना वाटत असावं.

"मोठीच्या वक्ताले," ते म्हणाले, "उमरखेडचं स्थळ होतं. तव्हा तुम्ही मले सांगतलं होतं, पत्रिका जुळत नाही."

"हाव," इंदुताई म्हणाल्या.

"ते पत्रिकेचं नव्हतं?"

"नव्हतं, भाऊ."

मारोतराव बाकड्यावर बसले. "म्या तिची शांती केली होती," ते म्हणाले. "भटजी बोलावून. तिले शनिवार धरायले लावले. वर्षभर. माह्या पोरीच्या पत्रिकेत दोष आहे म्हणून मी सोयऱ्याधायऱ्यात मान खाली घालून हिंडत होतो." थांबून त्यांनी निकिताकडे पाहिलं. "तिनं धरले शनिवार. एका शब्दानं बोलली नाही मले."

 एवढ्या पोरींना वाचवणाऱ्या त्या खोट्याची ही दुसरी बाजू इंदुताईंनी कधी पाहिली नव्हती. एक पोरगी वर्षभर शनिवारी उपाशी राहिली होती, नसलेल्या दोषासाठी, बापाला खरं सांगायच्या भीतीने.

"मी काय राक्षस आहे काय वो?" मारोतरावांनी विचारलं. ते निकिताला विचारत होते की इंदुताईंना, हे समजत नव्हतं. "म्या कधी हात उचलला? कधी उपाशी ठेवलं?"

"नाही, बाबा," निकिता म्हणाली.

"मंग?"

 ती रडू लागली. मारोतराव उठले, तिच्यासमोर जाऊन उभे राहिले, आणि पोरीशी कसं बोलावं हे माहीत नसलेल्या माणसासारखं त्यांनी घसा खाकरला.

"तुले त्या घरी जायचं नाही?"

"नाही."

ते ऐकून त्यांनी मान हलवली, दोनतीनदा. मग कार्डांचा गठ्ठा पिशवीत सारखा केला. पोराकडचं घर भलं होतं, पोरगाही चांगला होता. त्यांच्याकडे जाऊन काय तोंड दाखवायचं, हे त्या माणसाच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं.

"उद्या मीच जातो त्याइच्या घरी," ते म्हणाले. "शिव्या खाऊन येतो. गावात बी खाईन." मग इंदुताईंकडे वळून म्हणाले, "तुमच्यावर माहा राग आहे, ताई. आज नाही बोलत, पण राग आहे."

"ठेवा," इंदुताई म्हणाल्या. "ठेवायलेच पाह्यजे."

निकिता पुढे झाली. मारोतराव चपला घालता घालता उंबऱ्यात थांबले. मागे न वळता त्यांनी विचारलं, "मोठीले ज्या घरी दिली... तिथं विचारलं होतं नं तुम्ही तिले?"

"विचारलं होतं," इंदुताई म्हणाल्या. "मीच गेलती. हाव म्हणाली. हसून हाव म्हणाली."

मारोतरावांनी बाहीने डोळे पुसले आणि पोरीच्या मागोमाग रस्त्यावर उतरले.

बाजारच्या दिवसापर्यंत ही गोष्ट तालुकाभर झाली. काही बापांनी येऊन आपल्या पोरींचे बायोडाटे परत नेले, एकाने इंदुताईंना तोंडावर फसवी बाई म्हटलं. पत्रिका जुळत नाही, हे आता महागावात कोणाला सांगायची सोय राहिली नाही. पण ते सगळं नंतरचं. त्या दुपारी मारोतराव गेल्यावर इंदुताई नुसत्या बसून होत्या, आणि समीक्षा त्या ओरडतील म्हणून वाट पाहत उभी होती. त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

मारोतरावांनी एका पोरीबद्दल विचारलं आणि इंदुताईंना उत्तर देता आलं. समीक्षाने न विचारता मंजूर केलेल्या पोरींचे बाप एकेक करून असेच उंबऱ्यात येऊन उभे राहिले असते, तर तिच्याजवळ काय उत्तर होतं? काहींची साक्षगंधं झाली होती. दोघी सासरी नांदत होत्या, आणि त्यांनीही इंदुताईंची वाट पाहिली होती का, हे आता कळायला मार्ग नव्हता.

तिने कम्प्युटर सुरू केला आणि वेबसाइट बंद करायचा कंपनीचा फॉर्म उघडला. बंद करण्याचं कारण तिथे तयार यादीतून निवडायचं होतं. त्यात तिचं कारण नव्हतं. तिने भलतीच एक ओळ निवडली. मग नयनला फोन करून म्हणाली, होळी होऊ दे, पाडवा होऊ दे, पण तू बनव.

"आई," ती इंदुताईंजवळ येऊन म्हणाली, "ज्याइचं अजून लगन नाही झालं, त्याइच्याकडे मी जातो. आजपासून."

इंदुताईंनी तिच्याकडे पाहिलं नाही. पण खुंटीवरची आपली एसटीत न्यायची पिशवी काढून तिच्यापुढे सरकवली.

"आता पत्रिकेचं नाव घेता येणार नाही," त्या म्हणाल्या. "पोरीनं नाही म्हटलं, तं तिच्यासंग ओसरीवर येजो आन् बापासमोर तिच्या बाजूले उभी राह्यजो. आन् विचारलं की मंग बोलू नोको. कितीबी वेळ लागो, तिच्याआधी तू बोलू नोको."

समीक्षा चारच्या गाडीने गेली. ते गाव रस्त्यापासून आत होतं, उतरून चालावं लागलं. घरच्यांनी पाणी दिलं. कापूस वेचणीहून आलेली पोरगी तिला घेऊन सांदवाडीत आली, घमेलं खाली ठेवलं आणि हात पुढे बांधून, खाली पाहत उभी राहिली. समीक्षाने विचारलं, आणि स्वतः गप्प राहिली.